फिल्टर झटकायला मी आहे ना

त्याला सगळे गुण्या म्हणायचे. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन बघायचं हत्यार, लाकडी मुठीचं आणि लोखंडी पात्याचं. हा माणूस ते हत्यार खिशात घालूनच जन्माला आला असावा. कुणाकडे जेवायला बसला तरी आधी ताट टेबलाच्या कडेला सरळ लावणार, मग घास घेणार. बायकोनं भिंतीवर कॅलेंडर अडकवलं की हा लांबून एक डोळा मिटून बघायचा आणि म्हणायचा, "डावी बाजू दोन सूत खाली आहे."

"अहो, मला तारीख बघायचीय, खिडकी नाही बसवायची!" बायको म्हणायची. पण हा उठून खिळा सरकवल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही.

असा माणूस फसतो कसा, हे मला आजही कळत नाही. आणि खरं सांगायचं तर कळतं, म्हणूनच राग येतो.

दुकानांच्या रांगेमागे पत्र्याची एक लांबट शेड होती, तिथे गुण्याचा कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं, माणसं दोनच. आतल्या टोकाला खिडकीखाली गुण्याचं टेबल, कारण तिथला उजेड दिवसभर हलत नाही. दाराशी दुसरं टेबल, ते मेहुण्याचं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला सगळे झटपट म्हणायचे. चालणं झटपट, जेवण झटपट, दोन नोकऱ्या लागल्या आणि सुटल्या त्याही झटपट. शेवटी एकोणीस वर्षांपूर्वी ताईनं नवऱ्याला गळ घातली, "याला तुमच्या हाताखाली घ्या, मार्गाला लागेल." गुण्यानं घेतलं. रंधा कसा धरायचा इथपासून शिकवलं. झटपटच्या हाताला वेग होता, गुण्याच्या हाताला माप होतं, आणि दोघांचं मिळून बरं चाललं होतं.

झटपटनं केलेला प्रत्येक सांधा गुण्या स्वतः काटकोन लावून तपासायचा. झटपट हसायचा, "भाऊजी, एकदा मलापण लावून बघा की तो काटकोन."

"तुला काय लावायचा? तू घरचा."

दिवस बदलले तसं कामही बदललं. सागवान, शिसव गेलं आणि भुशाचे दाबून केलेले बोर्ड आले. लाकूड कापलं की भुसा पायाशी पडतो, झाडला की संपलं. या बोर्डाची धूळ पिठासारखी. घासायचा सँडर फिरवला की ती हवेत तरंगत राहते, पापण्यांवर बसते, पाण्याच्या घोटात लागते. वर्षा-दोन वर्षांत गुण्याला खोकला लागला. आधी सकाळी, मग जिना चढताना, मग हसतानाही. हसायचंच कमी केलं म्हणा ना त्यानं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला एका नळीत जोरात फुंकायला लावलं. नळीवरचा काटा तीनशे ऐंशीवर थांबला.

"तुमच्या उंचीच्या, वयाच्या माणसाचा साडेपाचशेच्या आसपास हवा," बाई म्हणाल्या. "गेलेला दम परत मिळेलच असं नाही. आहे तो राखा. धूळ बंद करा, नाहीतर वर्षभरात धंदा बंद करावा लागेल."

गुण्याला दुसरं येत काय होतं? पस्तीस वर्षं माणूस एकच काम करतो, तेव्हा ते काम गेलं की उरतो कोण? मास्क त्यानं लावून बघितला होता. पण श्वासाची वाफ चष्म्यावर यायची आणि पेन्सिलची रेघ दिसेनाशी व्हायची. गुण्याला रेघ दिसली नाही तर तो गुण्या कसला! तेव्हा ठरलं, धूळ जिथे उडते तिथेच ओढून घेणारं मशीन आणायचं. कारखान्यातला व्हॅक्यूम. कुठेही ढकलत नेता येईल असा, आणि खिशाला झेपेल असा.

दोघं दुकानात गेले. विक्रीला बसलेल्या मुलीनं तीन मशीनं पुढे मांडली. एक होतं घरातल्या गालिच्याचं, ते गुण्यानं बघताक्षणी बाजूला केलं, कारण त्याची नळी अंगठ्याएवढी होती. दुसरं वीस लिटरच्या बादलीचं, खाली चाकं, लांब वायर. तिसरं तसंच, पण दुप्पट किमतीचं. सँडर चालू केला की ते आपोआप चालू व्हायचं, आणि दर थोड्या वेळानं आतला फिल्टर स्वतःच ठक् करून झटकून घ्यायचं.

गुण्या घरून तयारीनं आला होता. त्यानं पिशवीतून कागदाची पुडी काढली. पुडीत आपल्याच कारखान्यातली पिठूळ धूळ! ती फरशीवर ओतली, नळी लावली, आणि धूळ गडप झाली. मूठभर स्क्रू टाकले, तेही खडखडत आत गेले. त्यानं नळीचं तोंड मोजलं, सँडरला बसेल का ते बघितलं, वायर पावलांनी मोजली, मशीन एका हातानं उचलून पाहिलं. सगळं मोजलं. पण हे सगळं केलं ते मशीनच्या पुढे उभं राहून. मशीन ओढतं किती ते बघितलं, मागून सोडतं काय ते बघितलं नाही. सुताराची चूक ती हीच. जमीन स्वच्छ झाली की त्याला वाटतं धूळ गेली.

मुलगी बिचारी सांगत होती, "काका, ओढलेली हवा मागून बाहेर पडते. ती गाळायचं काम आतल्या फिल्टरचं. या स्वस्तातल्या मशीनचा फिल्टर तासातासाला हातानं झटकावा लागेल. बारीक धूळ आहे, लवकर चोंदतो. दाखवते थांबा..."

"कळलं, कळलं," झटपट म्हणाला. त्यानं भाऊजींना बाजूला घेतलं. "दुप्पट किंमत कशाला घालायची? फिल्टर झटकायला मी आहे ना! आणि तुम्ही त्याला हातसुद्धा लावायचा नाही. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय? मी झटकीन तेव्हा तुम्ही बाहेर जाऊन बसायचं."

गुण्याला भरून आलं. एरवी लाकडाच्या गाठीसारखा माणूस, पण घरी येऊन बायकोला म्हणाला, "तुझा भाऊ पोटच्या पोरासारखा जपतो मला." बायकोनं डोळ्यांना पदर लावला.

मग कारखान्याचा एक शिरस्ताच पडला. तासाभरानं झटपट हाक मारायचा, "भाऊजी, चला बाहेर!" गुण्या शहाण्या मुलासारखा बाहेर जाऊन पायरीवर बसायचा. आतून ठप् ठप् ठप् आवाज यायचा. गुण्या मोजायचा, कारण मोजल्याशिवाय त्याला चैन कुठलं! दहा ठोके झाले, की धूळ खाली बसायला अजून दहा मिनिटं, की मग आत. शेजारचा टायरवाला विचारायचा, "मिस्त्री, शिक्षा झाली काय?" गुण्या ऐटीत सांगायचा, "मेहुणा बाहेर काढतो. माझ्या भल्यासाठी."

पहिल्या महिन्यात काटा चारशेवर गेला. घरात आनंदीआनंद. मशीनला नाव ठेवायचं तेवढं बाकी होतं.

दुसऱ्या महिन्यात काटा तीनशे साठ. तिसऱ्यात तीनशे वीस.

गुण्या चक्रावला. कारखान्याची जमीन तर आरशासारखी! मशीन पूर्वीपेक्षाही जोरात ओढत होतं, सँडरखाली कणभर धूळ दिसायची नाही. म्हणजे दोष दुसरीकडेच असणार. मग शोध सुरू झाला. कापसाच्या उश्या गेल्या, स्पंजच्या आल्या. स्वयंपाकाची शेगडी मागच्या गॅलरीत गेली आणि बायको वाऱ्यात तोंड फिरवून भाजी परतू लागली. खिडकीतल्या कुंड्या गेल्या. शेवटी डॉक्टरीणबाई एकदा विचारून गेल्या, "घरात मांजर वगैरे?" आणि बायकोची ठिपकी गेली. नऊ वर्षांची मांजर ती, बायकोच्या पायाशी झोपणारी. गावाबाहेरच्या एका ओळखीच्या घरी तिला टोपलीत घालून पोचवली. बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "तुमच्या दमापुढे मांजर काय मोठी?"

चौथ्या महिन्यात काटा दोनशे ऐंशी. आता दोन टप्प्यांत जिना चढावा लागत होता. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा हा माणूस धापा टाकत घालत होता.

त्याच सुमारास एका संध्याकाळी झटपटकडे जेवण होतं. टेबलावर नवा दिवा लोंबत होता, त्याच्याखाली भाची, झटपटची मुलगी, अभ्यास करत बसलेली. दिव्याला पांढरट, गोल, घड्याघड्यांची टोपी. कागद की कापड ते कळेना, पण घड्या कशा, अगदी एकसारख्या! गुण्याचं जेवणावरून लक्ष उडालं. त्यानं खालून घड्या मोजल्या. बहात्तर.

"काय सुरेख काम आहे रे! कुठे मिळालं?"

"असंच, पडून होतं काहीतरी," झटपट म्हणाला. "अजून घ्या ना भाऊजी."

"मामा, बाबांनी स्वतः केलंय," भाची अभिमानानं म्हणाली. ती गुण्याला लाडानं मामाच म्हणायची.

पंधरा दिवसांनी गुण्याच्या मनात आलं, पोरगा चार-पाच महिने दिवसातून आठ वेळा तो फिल्टर बडवतोय, एव्हाना त्याची चाळण झाली असेल. आपण नवा आणू आणि त्याला चकित करू. झटपट एका घरी कपाटांच्या मुठी बसवायला गेला होता. गुण्या एकटाच दुकानात गेला. तीच मुलगी होती.

"घ्या की काका," ती म्हणाली, "हा तुमच्या मशीनचा," आणि तिनं खोक्यातून काढून काउंटरवर ठेवला.

पांढरा, गोल, घड्याघड्यांचा.

गुण्या बघत राहिला. मग त्यानं बोट लावून घड्या मोजायला सुरुवात केली. मुलीला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. साठ, सत्तर, बहात्तर. त्यानं पुन्हा एकदा मोजल्या, आणि मग काउंटरला धरून उभा राहिला.

"काका, पाणी देऊ?"

"पोरी," तो म्हणाला, "हा आत नसला आणि मशीन चालवलं, तर काय होतं?"

"ओढेल जोरात. अडवायला काही नाहीच ना. पण सगळी बारीक धूळ मागून बाहेर फेकेल. त्यापेक्षा मशीन नसलेलं बरं काका, नुसती झाडली तर निदान खाली तरी बसते."

फिल्टर काउंटरवरच ठेवून तो कारखान्यात आला. एकोणीस वर्षांत झटपटच्या कुठल्या शब्दावर त्यानं काटकोन लावला नव्हता. आज मशीनच्या दोन खिट्ट्या उघडताना त्याला चोरी केल्यासारखं वाटलं. झाकण उचललं. फिल्टर बसवायचा प्लास्टिकचा सांगाडा आत उघडा होता, त्याच्या फटीफटींत पिठासारखी धूळ. मग त्यानं मशीन उभं कसं आहे ते बघितलं. हवा बाहेर पडायची जाळी त्याच्या टेबलाकडे, खिडकीकडे तोंड करून. दाराशी, झटपटच्या टेबलाशी, मोकळा वारा, वर खिळ्याला त्याचा डबल गाळणीचा मास्क. आणि मशीनशेजारी एक लाकडी हातोडी. बादलीच्या कडेला हातोडीचे पोचे, एकाच जागी. दहा ठोके! रोज आठ वेळा दहा ठोके, आणि हा बाहेर उन्हात बसून इमानेइतबारे मोजत होता! अहो, केसानं गळा कापणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? परक्यानं कापला असता तर दुखलं असतं. हा तर मान पुढे करून, वर आभार मानत बसला होता.

घरी जाऊन त्यानं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "काहीतरीच. माझा भाऊ असं करणार नाही."

"चल, आत्ताच जाऊ."

झटपटच्या घरी दिवा लागलेला होता. भाची वहीत काहीतरी लिहीत होती. गुण्या नुसता दिव्याकडे बघत उभा राहिला. बायकोनं भाचीला आईकडे आत पाठवलं, स्टुलावर चढली, दिव्याची टोपी सोडवली आणि उलटी करून पाहिली. आतल्या रबरी कडेवर मशीनच्या कंपनीचा छाप होता. उघड्या दिव्याचा उजेड झटपटच्या तोंडावर पडला, आणि त्याला तोंड फिरवायला जागा उरली नाही.

"ताई, ऐकून तर घे. तो फिल्टर दर दहा मिनिटांनी चोंदायचा! धुवा, वाळवा, बसवा, यातच दिवस जायचा. कामं कोण वेळेत देणार? भाऊजी, तुम्हीच म्हणायचा ना मशीन आता झकास ओढतंय? जमीन स्वच्छ होती का नव्हती?"

"मला सांगायचंस," गुण्या म्हणाला. "मी दुप्पट किमतीचं आणलं असतं. कर्ज काढून आणलं असतं."

"मला वाटलं तुमचं वय झालंय, तसाही खोकला..." झटपट अडखळला. "मला खरंच माहीत नव्हतं की मागून एवढी धूळ येते."

गुण्यानं विचारलं, "तो डबल गाळणीचा मास्क तू कधी घेतलास रे?"

झटपटची नजर दाराकडे गेली.

"मी सांगतो. दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. मी विचारलं तेव्हा म्हणालास, पॉलिशच्या वासानं डोकं चढतं. पॉलिशचं काम त्या महिन्यात नव्हतंच आपल्याकडे."

बायको फिल्टर छातीशी धरून उभी होती. ती ओरडली नाही. "माझी ठिपकी गेली," एवढंच म्हणाली. "मी गॅलरीत पावसात उभी राहून स्वयंपाक केला. हे रोज मला सांगायचे, तुझा भाऊ पोटच्या पोरासारखा आहे. आणि मी ऐकून खूश व्हायचे रे." मग तिला रडू आलं आणि कुंपणानंच शेत खाल्लं, कुंपणानंच खाल्लं, असं म्हणत ती जिना उतरली. गुण्या तिच्यामागून उतरला. दर पाच पायऱ्यांना थांबत.

दुसऱ्या दिवशी झटपट नेहमीपेक्षा उशिरा आला. फिल्टर ताईनं नेला होता, म्हणून यानं दुकान उघडायची वाट बघून नवा आणला होता. तो मशीनमध्ये बसवला, खिट्ट्या लावल्या, जाळीचं तोंड खिडकीकडून वळवून दाराकडे केलं. गुण्या आपल्या टेबलाशी उभा होता, नुसता बघत. तास दोन तास दोघं काम करत राहिले. मशीनची ओढ हळूहळू मंदावली, जशी ती पहिल्या महिन्यात मंदावायची. झटपटनं हात पुसले आणि सवयीनं, अगदी नेहमीच्या आवाजात हाक मारली, "भाऊजी, चला बाहेर. फिल्टर झटकतो."

गुण्यानं पेन्सिल कानावर ठेवली. चालत दाराशी आला. झटपटच्या टेबलाजवळच्या खिळ्यावरून मास्क काढला आणि स्वतःच्या तोंडावर चढवला. चष्म्यावर लगेच वाफ आली.

"तू जा बाहेर," तो म्हणाला.

झटपट हसला, मग हसायचं थांबला. "भाऊजी, धूळ आहे. मी करतो ना."

"जा."

झटपट बाहेर जाऊन पायरीवर बसला. टायरवाल्यानं मान वर करून बघितलं, पण आज काही विचारलं नाही. आत खिट्ट्या उघडल्याचा आवाज आला. मग ठप्, ठप्. मधेच खोकल्याची उबळ, मग परत ठप्. झटपट मोजत होता. दहा झाले. त्यानं नेहमीसारखी दहा मिनिटं वाट पाहिली, धूळ बसायला. मग आणखी दहा.

मग दार लोटलं गेलं आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.